कोपराचे दुखणे आणि आघात-तरंग उपचार

मराठी भाषेत कोपरावरून दोन वाक्प्रचार फार जुने आहेत. 'कोपरापासून हात जोडणे' म्हणजे काकुळतीने विनवणे, किंवा आता हे आपल्याच्याने होणार नाही म्हणून माघार घेणे. दुसरा 'कोपराला गूळ लावणे'. आपल्याच कोपराला लावलेला गूळ आपल्याच जिभेला कधी पोचत नाही, म्हणून खोटे आमिष दाखवण्याला हा शब्दप्रयोग रूढ झाला. कोपर दुखू लागला की माणूस आधी कामापुढे कोपरापासून हात जोडतो, आणि मग 'हमखास बरे करून देतो' म्हणत त्याच कोपराला गूळ लावणारे त्याला भेटतात. या दोन्ही प्रसंगांतून आपल्या वाचकांची सुटका व्हावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

उरण-रेवसपासून मुरूड, श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनारपट्टीवर बहुसंख्य कुटुंबांचे पोट हातावर आहे. कोणी भातलावणी-झोडणीला जातो, कोणी मिठागरावर, कोणी होडीवर जाळे ओढतो, कोणी गवंडीकाम, सुतारकाम, रंगकाम करतो. श्रीवर्धनकडे सुपारी सोलण्याचे, पेणकडे गणेशमूर्तींचे काम चालते. घराघरांतील आयाबहिणींचा हात तर पहाटेपासून थांबत नाही : भाकऱ्या थापणे, धुणे पिळणे, कळशी उचलणे, मासळी साफ करणे. अशा घरात एका माणसाचा उजवा हात दोन महिने निकामी झाला तर नुसते दुखणे वाढत नाही, वाण्याची उधारीही वाढते. म्हणून कोपराचे दुखणे ही क्षुल्लक बाब समजू नये. आणि ती समजून घेण्यास फार मोठे शिक्षण लागते असेही नाही.

कोपराची रचना

कोपर म्हणजे तीन हाडांचा सांधा. वरून दंडाचे एक हाड येते आणि खालून मनगटापर्यंत गेलेली दोन हाडे त्याला भिडतात. या सांध्याची एक हालचाल दाराच्या बिजागरीसारखी, म्हणजे हात मिटणे व उघडणे. दुसरी किल्ली फिरवल्यासारखी, म्हणजे तळहात वर किंवा खाली करणे.

दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन उंचवटे असतात. एक बाहेरच्या अंगाला व एक आतल्या, म्हणजे बरगड्यांच्या अंगाला. बोटाने चाचपले तर दोन्ही सहज लागतात. मनगट व बोटे वर उचलणारे स्नायू बाहेरच्या उंचवट्याला चिकटलेले असतात, आणि मनगट व बोटे खाली वाकवणारे स्नायू आतल्या उंचवट्याला. स्नायू जेथे हाडाला चिकटतो तेथे तो पांढऱ्या, चिवट दोरीसारखा होतो. या दोरीला कंडरा म्हणतात. कोपराचे बहुतेक दुखणे या कंडरेत असते, सांध्यात नसते.

विद्यार्थ्यांनी एक गंमत करून पाहावी. मनगट पूर्ण खाली झुकवा आणि त्याच स्थितीत मूठ घट्ट आवळा. मूठ आवळत नाही. आता मनगट किंचित वर उचला. मूठ ताबडतोब घट्ट होते. याचा अर्थ असा की आपण कोणतीही वस्तू पकडतो तेव्हा मनगट वर धरून ठेवण्याचे काम बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना करावेच लागते. वल्हे असो, थापी असो की लाटणे असो, प्रत्येक पकडीबरोबर बाहेरच्या उंचवट्यावर ताण येतो. कोपराच्या दुखण्याचे निम्मे रहस्य या साध्या प्रयोगात आहे.

टेनिस न खेळणाऱ्यांचा टेनिस एल्बो

बाहेरच्या उंचवट्यापाशी होणाऱ्या दुखण्याला डॉक्टर 'टेनिस एल्बो' म्हणतात. हे नाव ऐकून आपल्याकडील माणूस चक्रावतो. 'जन्मात टेनिसची बॅट हातात धरली नाही, मग हा रोग मला कसा ?' असे तो विचारतो. त्याचे विचारणे रास्त आहे. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने हे दुखणे प्रथम वर्णन केले ते लेखणी चालवणाऱ्यांच्या हाताविषयी लिहिताना. टेनिसचे नाव त्याला पुढे १८८० नंतरच्या दशकात चिकटले. आजही या दुखण्याच्या रुग्णांत टेनिस खेळणारे थोडे आणि हाताने काम करणारे फार असतात. प्रौढ माणसांपैकी शंभरात एक ते तीन जणांना हे दुखणे असते. साधारणपणे ३५ ते ५५ या वयात आणि ज्या हाताने आपण जास्त काम करतो त्या हातात ते होते.

पूर्वी असा समज होता की कंडरेला सूज येते म्हणून दुखते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर दिसले की जुन्या दुखण्यात सूज फारशी नसतेच. कंडरेचे तंतू विस्कटलेले, झिजलेले असतात आणि त्यांची दुरुस्ती अर्धवट राहिलेली असते. होडीचा दोर रोज एकाच जागी घासला की त्याचे पीळ सुटू लागतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की दोर स्वतःला सांधत नाही, कंडरा सांधते. मात्र तिचा रक्तपुरवठा बेताचा असल्याने तिला वेळ लागतो, आणि रोजच्या झिजेपेक्षा रोजची दुरुस्ती कमी पडली की दुखणे सुरू होते.

लक्षणे ओळखण्यास सोपी आहेत. बाहेरच्या उंचवट्यावर किंवा त्याच्या किंचित पुढे बोटाने दाबले की कळ येते. पाण्याने भरलेला तांब्या उचलताना, धुणे पिळताना, दाराची कडी फिरवताना, कोणाशी हस्तांदोलन करताना दुखते. तळहात खाली ठेवून खुर्ची पाठीकडून उचलून पाहिली तर नेमक्या त्या जागी चमक उठते. हात मात्र पूर्ण मिटतो आणि पूर्ण उघडतो. तो अडकत असेल तर दुखणे वेगळे समजावे.

बरेचदा नेहमीपेक्षा अचानक जास्त काम पडल्यावर हे सुरू होते. वर्षभर दुकानात बसणारा माणूस लावणीला गावी येऊन चार दिवस राबतो, लग्नघरी एक बहीण दिवसभर खोबरे किसते, रंगारी एका आठवड्यात अख्खी इमारत उरकतो. कंडरेला सवयीचे काम चालते, एकदम वाढलेले काम चालत नाही.

दुखण्याची इतर कारणे

आतल्या उंचवट्यापाशी असेच दुखले तर त्याला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात. येथे मनगट वाकवणाऱ्या स्नायूंची कंडरा झिजते. दोर किंवा जाळे ओढणारे, हातोडा चालवणारे, चेंडू जोराने फेकणारे यांच्यात ते दिसते. टेनिस एल्बोपेक्षा हे कमी आढळते, पण उपचार बरेचसे सारखेच.

कोपराच्या मागच्या टोकावर, कातडी व हाड यांच्यामध्ये पाण्याची एक लहानशी पिशवी असते. कोपर टेकून तासन्‌तास बसल्याने ती फुगते आणि लिंबाएवढी गाठ दिसू लागते. बाकावर कोपर टेकून वाचणाऱ्यांवरून याला इंग्रजीत 'विद्यार्थ्याचा कोपर' असेही नाव पडले आहे. परीक्षेच्या दिवसांत आपल्या विद्यार्थ्यांनी कोपराखाली घडी केलेला टॉवेल घ्यावा, एवढे पुरते. मात्र ही गाठ लाल, गरम झाली व ताप आला तर आत पू झाला असे समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

कोपर कोठे आपटला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव सर्वांना आहे. तेथून एक मोठी नस कातडीच्या अगदी जवळून जाते. कोपर फार वेळ मुडपून ठेवल्याने, उदाहरणार्थ मोबाईल कानाशी धरून तासभर बोलल्याने किंवा हात उशाखाली दुमडून झोपल्याने, ती नस आवळली जाते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. अशा वेळी रात्री कोपर सरळ राहील असे पाहावे. येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. बोटांच्या बधिरतेबरोबर अंगावर कोठे फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्या रोगात हीच नस जाड होते. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची औषधे मोफत मिळतात व वेळीच घेतली तर हात वाकडा होत नाही. लाजेपोटी लपवून ठेवण्यात मात्र हात जातो.

याखेरीज संधिवात, युरिक आम्ल वाढून होणारा वातरक्ताचा विकार आणि मानेच्या मणक्यात नस दबणे यांमुळेही कोपर दुखतो. मानेचे दुखणे असेल तर मान वळवताना कळ हातात उतरते. आणि कोपर दाबून दुखत नाही, पण चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येऊन डावा हात भरून येतो, घाम फुटतो, असे असेल तर ते कोपराचे दुखणे नव्हेच. ते हृदयाचे असू शकते. अशा वेळी तेल चोळत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

लहान मुलांचा कोपर

मुलांच्या बाबतीत नियम वेगळे आहेत. आंब्याच्या झाडावरून किंवा गडग्यावरून पडलेल्या पाच ते आठ वर्षांच्या मुलाचा कोपर सुजला तर कोपराच्या वर दंडाचे हाड मोडले असण्याचा संभव मोठा असतो. तेथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. अशा हाताला चोळणे, ओढून 'बसवणे', बांबूच्या कांबी लावून घट्ट आवळणे हे सर्व घातक आहे. रक्तपुरवठा काही तास तुटला तर हाताचे स्नायू मरतात, बोटे कायमची आखडतात, प्रसंगी हात कापावा लागतो. म्हणून हात आहे त्या स्थितीत झोळीत ठेवावा आणि मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे. वाटेत बोटांकडे लक्ष असावे. ती पांढरी किंवा निळी पडली, गार लागली, बोटे सरळ करताना मूल किंचाळू लागले, तर एक मिनिटही वाया घालवू नये. प्लास्टर घातल्यावरही पहिले दोन दिवस हीच खबरदारी घ्यावी.

एक ते चार वर्षांच्या मुलाला एका हाताने खस्सकन वर उचलले, लाँचमधून धक्क्यावर किंवा एस.टी.च्या पायरीवर ओढून घेतले, तर कोपरातील छोटे हाड आपल्या कड्यातून सरकते. मूल रडते आणि तो हात हलवेनासे होते. डॉक्टर एका हलक्या हालचालीने ते जागेवर बसवतात. मुलाला नेहमी दोन्ही काखांत धरून उचलावे, म्हणजे हा प्रसंगच येत नाही.

घरी काय करावे

आता पुन्हा आपल्या मुख्य दुखण्याकडे, टेनिस एल्बोकडे वळू. याविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की दहांपैकी आठ-नऊ जण साधारण एका वर्षात बरे होतात, तेही शस्त्रक्रियेशिवाय. हे वाचून कोणी म्हणेल, 'वर्षभर कोण थांबणार ?' म्हणून तो काळ सुसह्य व्हावा व हात कामाचा राहावा यासाठी पुढील उपाय सांगतो.

पहिला उपाय कामाची पद्धत बदलण्याचा. हात अजिबात न वापरणे चुकीचे आहे, कारण न वापरलेली कंडरा अधिक दुबळी होते. ओझे उचलताना तळहात वरच्या बाजूला ठेवावा, कोपर अंगाशी ठेवावा व दोन्ही हात वापरावे. धुणे पिळण्याऐवजी नळाभोवती वेढा देऊन दाबून काढावे किंवा निथळत ठेवावे. थापी, कोयता, लाटणे यांची मूठ बारीक असेल तर तिच्यावर कापड किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड करावी. बारीक मूठ आवळण्यास जास्त जोर लागतो. एकच काम सलग दोन तास करण्यापेक्षा अर्ध्या तासाने काम बदलावे. घरातील इतरांनीही येथे हातभार लावावा. आई हात धरून बसली आहे आणि शिकलेला मुलगा कळशीकडे पाहत नाही, असे आपल्या घरात होऊ नये.

दुसरा उपाय शेकण्याचा. सुरुवातीच्या दिवसांत बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. जुन्या दुखण्यात ज्याला गरम शेकाने बरे वाटते त्याने तो घ्यावा. निगडीच्या पाल्याच्या शेकाने आराम वाटत असेल तर हरकत नाही. मात्र डाग देणे किंवा कातडी भाजेल असा लेप लावणे टाळावे. वेदनाशामक मलम चालते. गोळ्या मात्र डॉक्टरना विचारल्याशिवाय आठवडेच्या आठवडे घेऊ नयेत, त्यांनी पोटात व्रण होतात व मूत्रपिंडास इजा होते. कोपराच्या खाली दोन-तीन बोटांवर बांधण्याचा पट्टा मिळतो. काम करताना तो बांधल्यास काहींना आराम पडतो. रात्री काढून ठेवावा.

तिसरा आणि खरा उपाय व्यायामाचा. पहिला आठवडा-दोन आठवडे असे करावे : हात टेबलावर किंवा मांडीवर ठेवावा, तळहात खाली, मनगट कडेबाहेर. दुसऱ्या हाताने पंजावर दाब द्यावा आणि पंजा खाली जाऊ न देता तसाच धरून ठेवावा. तीस ते पंचेचाळीस सेकंद. असे चार-पाच वेळा. याने दुखणे थोडे शांत होते.

त्यानंतर अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली घ्यावी. हात तसाच ठेवून, दुसऱ्या हाताच्या मदतीने बाटलीसह पंजा वर उचलावा, मग मदतीचा हात काढून चार-पाच आकडे मोजत पंजा सावकाश खाली सोडावा. भर खाली सोडण्यावर आहे, उचलण्यावर नाही. दहा ते पंधरा वेळा, थोडी विश्रांती घेऊन तीन फेऱ्या, दिवसातून एकदा. शेवटी हात पुढे सरळ करून तळहात खाली ठेवावा आणि दुसऱ्या हाताने पंजा आपल्याकडे खाली वाकवून तीस सेकंद ताण द्यावा, तीन वेळा. व्यायाम करताना थोडेसे दुखणे चालते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे वाढलेले राहिले तर वजन कमी करावे. आठ ते बारा आठवडे हे नेमाने केले पाहिजे. चार दिवस करून सोडणाऱ्यास फळ मिळत नाही.

झटपट इंजेक्शनाचा मोह

कोपरात स्टेरॉईडचे इंजेक्शन घेतले की आठ दिवसांत दुखणे पळते आणि माणूस खूश होतो. पण पुढे काय होते ? ऑस्ट्रेलियात झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १९८ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला इंजेक्शन, दुसऱ्याला व्यायामोपचार, तिसऱ्याला फक्त सल्ला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांत पुढे होते. एका वर्षानंतर तेच सर्वांत मागे पडले, कारण त्यांच्यातील बहुतेकांचे दुखणे उलटले. तेव्हा आजचे सुख उद्याच्या दुखण्यावर कर्ज काढून घ्यायचे का, हे प्रत्येकाने ठरवावे. वारंवार इंजेक्शने घेणे तर टाळावेच, त्याने कंडरा कमकुवत होते.

आघात-तरंग म्हणजे काय

अलीकडे शहरांतून व मोठ्या दवाखान्यांतून 'शॉकवेव्ह' उपचाराच्या जाहिराती दिसतात. शॉक हा शब्द ऐकून अनेकांना वाटते की विजेचा झटका देतात. तसे नाही. हे तरंग विजेचे नसून दाबाचे असतात. फटाका फुटला की छातीवर हवेचा धक्का जाणवतो, त्याच जातीचा पण फार लहान व नेमक्या जागी दिलेला हा धक्का असतो. म्हणून आम्ही त्याला आघात-तरंग म्हणतो.

या उपचाराचा उगम मूतखड्याच्या उपचारात आहे. १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे पोट न फाडता बाहेरून तरंग सोडून मूत्रपिंडातील खडा फोडण्याचा प्रयोग प्रथम रुग्णावर करण्यात आला. तो जगभर पसरला. पुढे असे आढळले की हे तरंग हाडावरून गेले तर तेथील पेशींना चालना मिळते. तेव्हा न जुळणारी हाडे, टाचेचे दुखणे, खांदा व कोपर यांवर ते वापरून पाहण्यास सुरुवात झाली. अमेरिकेत २००२-०३ च्या सुमारास जुनाट टेनिस एल्बोसाठी अशा यंत्रांना मान्यता मिळाली.

यंत्रे दोन प्रकारची असतात. एका प्रकारात तरंग शरीराच्या आत ठरावीक खोलीवर एकवटतात. दुसऱ्या प्रकारात दाबाखालील हवेने एक छोटा गोळा नळीत पुढे आपटतो व त्याचा धक्का कातडीपासून आत पसरत जातो. आपल्याकडील फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत बहुधा हा दुसरा प्रकार असतो. रुग्णास खुर्चीवर बसवून दुखऱ्या जागी जेल लावतात आणि यंत्राची मूठ टेकवून टकटक असे सुमारे दीड ते दोन हजार ठोके देतात. पाच-दहा मिनिटांत काम संपते. भूल लागत नाही, कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी. आठवड्यातून एकदा अशा तीन ते पाच बैठका होतात. ठोके बसताना दुखते. नंतर एक-दोन दिवस जागा लाल होणे, किंचित सूज किंवा काळे-निळे पडणे संभवते. परिणाम दिसलाच तर लगेच नव्हे, काही आठवड्यांनी दिसतो.

हे तरंग काम कसे करतात याविषयी शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की धक्क्याने रखडलेली दुरुस्ती पुन्हा सुरू होते, बारीक रक्तवाहिन्या फुटतात व वाढतात आणि दुखण्याचा निरोप नेणाऱ्या तंतूंची धार बोथट होते. याचा पुरा उलगडा अद्याप झालेला नाही.

पुरावा काय सांगतो

येथे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. एखाद्याने पाच बैठका घेतल्या आणि तीन महिन्यांनी तो बरा झाला, तर ते यंत्राने की काळाने ? दहांपैकी आठ-नऊ जण आपोआपच बरे होणारे असताना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडू शकते. म्हणून शास्त्रात दोन गट करतात. एकाला खरे यंत्र लावतात, दुसऱ्याला तसाच आवाज करणारे पण तरंग न सोडणारे खोटे यंत्र लावतात. कोणाला कोणते ते रुग्णाला सांगत नाहीत. मग दोन्ही गटांतील फरक मोजतात.

२००५ साली कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा नऊ चाचण्या, मिळून सुमारे एक हजार रुग्ण, एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा निघाला की टेनिस एल्बोमध्ये खऱ्या यंत्राचा खोट्यापेक्षा फायदा अत्यल्प किंवा नाहीच. २००९ साली ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शन संस्थेने म्हटले की उपचार सुरक्षित दिसतो, पण गुणाविषयीचा पुरावा एकसारखा नाही. त्यानंतरच्या काही लहान चाचण्यांत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. टाचेच्या जुनाट दुखण्यात आणि खांद्यात साठलेल्या चुन्यावर या उपचाराचा आधार कोपरापेक्षा बरा आहे. यावरून आमचे मत असे की हा उपचार थोतांड नव्हे, पण रामबाणही नव्हे. व्यायाम व कामातील बदल नेमाने सहा महिने करूनही ज्याचे दुखणे हटत नाही आणि ज्याला शस्त्रक्रिया टाळायची आहे, त्याने डॉक्टरच्या सल्ल्याने तो करून पाहण्यास हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात, व्यायामाऐवजी, कर्ज काढून किंवा बांगडी गहाण टाकून मात्र तो कधीही घेऊ नये.

गरोदर स्त्रिया, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे किंवा रक्त न गोठण्याचा विकार असणारे, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग असलेले, वाढीच्या वयातील मुले आणि नुकतेच तेथे स्टेरॉईडचे इंजेक्शन घेतलेले यांना हा उपचार देत नाहीत. हृदयात पेसमेकर असल्यास आधी सांगावे.

पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्न न लाजता विचारावेत. माझ्या दुखण्याचे नेमके निदान काय ? बैठका किती व एकूण खर्च किती ? गुण आला नाही तर पुढे काय ? याबरोबर व्यायाम कोणता करायचा ? जो दवाखाना या प्रश्नांची शांतपणे उत्तरे देतो तो विश्वासाचा. जो 'शंभर टक्के खात्री' देतो तो कोपराला गूळ लावतो.

शस्त्रक्रिया आणि सचिनचा कोपर

मुंबईच्या सचिन तेंडुलकरमुळे हे दुखणे महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाले. २००४ साली टेनिस एल्बोमुळे त्याला इंग्लंडमधील चॅम्पियन्स करंडक स्पर्धा व ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटींना मुकावे लागले. मे २००५ मध्ये लंडनला त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरात नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध तो परतला व त्याने ९३ धावा केल्या. डिसेंबरात दिल्लीत ३५ वे कसोटी शतक करून त्याने सुनील गावसकरांचा विक्रम मागे टाकला. यातून दोन गोष्टी घ्यावयाच्या. ज्याच्या दिमतीला उत्तम डॉक्टर होते त्यालाही कंडरेने महिनोन्‌महिने थांबायला लावले, तेव्हा आपण दोन आठवड्यांत निराश होऊ नये. आणि शस्त्रक्रिया ही शेवटची पायरी आहे. सहा महिने ते वर्षभर सर्व उपाय करूनही जे थोडे रुग्ण उरतात, त्यांच्यासाठीच ती असते.

उपचारासाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय ही वाट सोडू नये. मुंबईत हाजी अली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. एकदा तज्ज्ञांकडून व्यायाम नीट शिकून घेतला की पुढील दोन-तीन महिने तो घरच्या ओट्यावर बसून फुकट करता येतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी दुखणी अंगावर काढली, कारण थांबणे त्यांना परवडत नव्हते. आज थांबण्याची गरज नाही, हात शहाणपणाने वापरण्याची आहे. आमच्या तरुण वाचकांना एकच विनंती. हा लेख स्वतः वाचून ठेवून देऊ नका. संध्याकाळी आईच्या किंवा मावशीच्या शेजारी बसा, बाहेरच्या उंचवट्यावर बोट ठेवून विचारा, 'येथे दुखते का ?' आणि 'हो' म्हणाली तर पाण्याची बाटली आणून पहिला व्यायाम तिच्याबरोबर स्वतः करा. आणि दुसऱ्या दिवसापासून कळशी तुम्ही उचला.